सोबतीचा रकाना

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला तेव्हा शेपूट टाचेवरच्या फोडाला पट्टी लावत होती.

"माझ्या शीटमध्ये कोणीतरी हात घातलाय," पलीकडून मास्तरीण म्हणाली.

"काय झालं ते नीट सांग."

"माझी पन्नासच्या आतली वेळ गेली."

"पुसली?"

"पुसली नाही. समोर दिसतेय. पण धरलेलीच नाही."

शेपटीने पट्टी खाली ठेवली. "फाइल उघडी आहे?"

"हो."

"सेव्ह केलीस?"

"अजून नाही."

"करू नकोस. लॅपटॉपजवळ कोणाला फिरकू देऊ नकोस. मी निघाले."

शेपूट हे नाव तिला क्लबने दिलेलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं. क्लबात बेचाळीस जण पळत आणि ती कायम बेचाळिसावी येई. एरवी ती विमा कंपनीत दावे तपासायची. लोकांनी कागदावर काय लिहिलं आणि प्रत्यक्षात काय घडलं, यांतलं अंतर मोजण्याचा तिला चोवीस वर्षं पगार मिळत होता. पळण्याची नोंद तीही ठेवायची. मात्र स्वतःची वेळ बघण्यात तिला फारसा रस नव्हता, म्हणून तिच्या शीटमध्ये एक जादा रकाना होता: पाणी. कुठल्या रेसला, कितव्या किलोमीटरला, कोणी पाणी दिलं. ती पोचेपर्यंत बहुतेक टेबलं आवरलेली असत. तेव्हा जो थांबून पाणी देईल त्याची नोंद व्हायलाच हवी, असं तिचं मत होतं.

मास्तरीण प्राथमिक शाळेत शिकवायची. चौदा वर्षं पळत होती. प्रकरण थोडक्यात असं होतं.

समुद्रापलीकडच्या एका मोठ्या मॅरेथॉनच्या दोन जागा यंदा क्लबला मिळाल्या होत्या. गेल्या दोन वर्षांतल्या दहा किलोमीटरच्या सर्वांत चांगल्या तीन वेळा घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची, आणि ज्यांची सरासरी सर्वांत कमी ते दोघे जाणार. प्रत्येकाने आपापल्या शीटमधल्या सारांशाचा फोटो शुक्रवारी संध्याकाळी आठपर्यंत पाठवायचा. आज सकाळी पळून झाल्यावर सेक्रेटरींनी निकाल वाचला. पहिले दंतवैद्य, ज्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणत; त्यांच्याबद्दल कोणाला शंका नव्हती. दुसरा बेकरीवाला, सरासरी एक्कावन्न मिनिटं तीस सेकंद. मास्तरीण तिसरी. तिची सरासरी एक्कावन्न छप्पन्न.

घरी येताना मास्तरणीने मनातल्या मनात बेरीज केली होती आणि ती जुळली नव्हती.

शेपूट पोचली तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि मास्तरीण त्याच्यासमोर परीक्षेच्या हॉलमध्ये बसतात तशी बसली होती.

"नियम काय म्हणतो?" शेपटीने विचारलं.

"पाठवलेला आकडा अंतिम. चूक ज्याची त्याची. मात्र दुसऱ्या कोणी मुद्दाम फेरफार केला असं सिद्ध झालं तर यादी बदलता येते. कोणी केला ते लेखी द्यावं लागतं. यादी उद्या दुपारी बाराला बाहेर जाणार."

"आणि सिद्ध नाही झालं तर?"

"तर मी रडूबाई. हरल्यावर आकडे बदलणारी." तिने पदराशी चाळा केला. "मी सत्तेचाळीस वर्षांची आहे गं. पुढच्या खेपेला जागा येतील तेव्हा माझे आकडे असे नसतील."

शेपटीने आधी फाइलची एक प्रत काढली. मग मूळ फाइल शेवटची कधी सेव्ह झाली ते पाहिलं. गुरुवार, सकाळी सहा पंचवीस.

"गुरुवारी साडेपाच ते सात आपण तलावाच्या रस्त्यावर होतो," ती म्हणाली. "तू पुढे, डॉक्टर तुझ्या शेजारी, मी सगळ्यांच्या मागे. शुक्रवारी तू उघडलीस तेव्हा?"

"फक्त सारांशाचा फोटो काढला आणि बंद केली. वह्या तपासायच्या होत्या. सरासरी जरा जास्त वाटली, पण म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल."

"पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"फ्रिजवर चिकटवलाय."

शेपटीने एक सुस्कारा सोडला आणि कामाला लागली.

प्रत्येक रेसची एक ओळ होती. तारीख, रेस, अंतर, वेळ, हवा, आणि शेवटचा रकाना 'सोबत', म्हणजे त्या दिवशी कोणाबरोबर पळाली. एकूण एकशे त्रेसष्ट ओळी. पुलावरच्या रेसची वेळ होती शून्य तास, एकोणपन्नास मिनिटं, चाळीस सेकंद. आकडा अगदी जागच्या जागी होता.

एका रिकाम्या चौकटीत तिने एक फॉर्म्युला लिहिला: वेळेच्या रकान्यात किती चौकटी भरलेल्या आहेत? उत्तर आलं, एकशे त्रेसष्ट. शेजारी दुसरा लिहिला: त्यांतल्या किती चौकटींत खरोखरचा आकडा आहे? उत्तर आलं, एकशे बावन्न.

"अकरा कमी," मास्तरीण म्हणाली.

"अकरा चौकटींत आकडा नाही, आकड्याचं चित्र आहे." शेपटीने पुलाच्या रेसच्या चौकटीवर क्लिक केलं. वरच्या पट्टीत वेळ दिसली, आणि तिच्या आधी एक बारीक चिन्ह. एकेरी अवतरणाचं. "हे चिन्ह आधी टाकलं की मशीन म्हणतं, हा नुसता मजकूर आहे. आपल्याला वेळ दिसते, पण फॉर्म्युला तिला मोजत नाही. सरळ पुढच्या चौकटीकडे जातो."

"कोणाचा धक्का लागून होईल का असं?"

"अकरा वेळा? शिवाय आकड्याचा मजकूर झाला की तो आपोआप चौकटीत डावीकडे सरकतो. तुझ्या लगेच डोळ्यांत आलं असतं. या अकराच्या अकरा चौकटी कोणीतरी परत उजवीकडे ओढून बाकीच्या रांगेत नीट बसवल्यात. ज्याने केलं त्याला वाकडी रांग बघवत नाही, किंवा ती कोणाला दिसू द्यायची नव्हती."

तिने अकरा ओळी वेगळ्या काढल्या. गेल्या दोन वर्षांतल्या दहा किलोमीटरच्या रेस त्यांत दोनच होत्या. उरलेल्या नऊ म्हणजे हाफ मॅरेथॉन, पाच किलोमीटर, एक डोंगराची रेस. जागेशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"जागा घालवायची तर दोन ओळी पुरल्या असत्या," शेपूट स्वतःशीच बोलली. "अकरा कशाला?"

मग तिने 'सोबत' रकाना वाचला.

डॉक्टर. डॉक्टर. डॉक्टर. दहा ओळींत तेच. अकराव्या ओळीत, पुलाच्या रेसपुढे, लिहिलं होतं: एकटी.

शेपूट त्या ओळीपाशी जरा वेळ थांबली. पुलाची रेस म्हणजे पूल ओलांडून जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. शेवटी पळणाऱ्याला परत येणारे सगळे समोरून दिसतात.

"पुलाच्या रेसला तू एकटी होतीस?"

"तसं लिहिलंय ना."

"लिहिलंय ते मी वाचलं."

मास्तरणीने उठून पाण्याचा ग्लास आणला आणि तो स्वतःच प्यायली.

शेपटीने वर, जुन्या ओळींकडे स्क्रोल केलं. पहिल्या वर्षापासून पुढची बरीच वर्षं 'सोबत'च्या रकान्यात एकच शब्द होता: ताई. ताई. ताई. मग काही महिने कोरे, आणि त्यानंतर डॉक्टर.

ताई म्हणजे मास्तरणीची मोठी नणंद. याच घरात, मागच्या खोलीत राहायच्या. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं पळणं थांबलं.

*

मास्तरणीचा नवरा बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता. तो पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होता. दिवसभर नमुन्यांचे आकडे शीटमध्ये भरायचा. मास्तरणीचं शीट चौदा वर्षांपूर्वी त्यानेच बनवून दिलं होतं.

"या, शेपूटबाई," तो म्हणाला. "चौकशी ना? करा. घरात शीटमधलं कळणारा मीच, म्हणजे चोरही मीच."

"गुरुवारी सकाळी सव्वासहा-साडेसहाला कुठे होतात, भाऊजी?"

"बाथरूममध्ये. सहाला जातो, साडेसहाला निघतो. बायको नसताना गाणंही म्हणता येतं."

"डॉक्टर तुम्हाला आवडत नाहीत."

"कोण म्हणतं? फार हसरा माणूस. धंदाच दात दाखवायचा."

"भाऊजी."

त्याने झारी खाली ठेवली. "हे बघा, राग येत नाही असं नाही. ती त्यांच्याबरोबर पळते आणि दमून घरी येते. म्हणजे उत्साह त्यांच्या वाट्याला आणि घोरणं माझ्या. पण ती जागा तिला मिळावी म्हणून मी सहा महिने सकाळचा चहा स्वतः करून पितोय. तो वाया घालवीन का मी?"

"'सोबत'चा रकाना वाचता?"

"कुठला नवरा नाही वाचणार?" तो ओशाळला नाही, उलट जरा ताठ झाला. "मोजलेत सुद्धा. दहा वेळा. दोन वर्षांत दहा रेस डॉक्टरांबरोबर."

"दहा?"

"दहा. फॉर्म्युला लावून मोजलेत. मला आकड्यांचं सांगू नका."

"आणि पुलाची रेस?"

"ती एकटीच पळाली होती. तिची सगळ्यात चांगली वेळ त्याच दिवशी आली." त्याने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. "खरं सांगायचं तर तेवढ्यावरच मी शांत आहे. म्हटलं, बघा, त्या दातवाल्याशिवायही येते की वेळ."

शेपूट आत वळली.

ताई मागच्या खोलीत इस्त्री करत होत्या. त्या एका छापखान्यात वेळापत्रकं जुळवायच्या: बसची, बोटींची, शाळांची. भिंतीवर नव्या बस वेळापत्रकाचा कच्चा कागद टाचलेला होता. सहा रकाने, चाळीस ओळी, प्रत्येक आकडा खालच्या आकड्यावर ओळंब्यात.

"किती सुबक," शेपूट म्हणाली.

"सुबक नाही, बरोबर," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे वेळा येतात त्या येतात तशाच छापायच्या असतात. मशीनला फार अक्कल. पाच चाळीस टाइप केलं की स्वतःच्या मनाने काहीतरी भलतंच करून ठेवतं. त्याला गप्प बसवावं लागतं, नाहीतर लोकांची बस चुकते."

"मास्तरणीचं शीट तुम्ही कधी उघडता?"

"मी कशाला? पळणं सुटलं तसं सगळंच सुटलं."

"गुरुवारी सकाळी?"

"झोपले होते. पहाटे उठायचं कारणच उरलं नाही आता."

"पुलाच्या रेसला गेला होतात का?"

इस्त्री एका ठिकाणी थांबली. मग पुढे सरकली.

"नाही. त्या रेसला मी पळणार होते, परत पहिल्यांदा. नाव घातलं होतं. आदल्या दिवशी गुडघा सुजला. तिला म्हटलं, तू एकटी पळ, माझ्याही वाटचं पळ. मी घरीच होते."

"मास्तरीण कशी पळते? तुम्ही शिकवलंत तिला."

"चांगली पळते. शिकवावं लागलं नाही फारसं." त्यांनी शर्टाची घडी घातली, कॉलर सरळ केली. "आता तर फारच चांगली पळते म्हणे."

*

बेकरी दोन गल्ल्या सोडून होती. भट्टी विझलेली, ट्रे धुऊन उभे लावलेले. बेकरीवाला पिठाच्या पोत्यावर बसून पायाचे अंगठे दाबत होता.

"अभिनंदन," शेपूट म्हणाली.

"करू नका. सकाळपासून तिसरा माणूस अभिनंदन म्हणतोय आणि चोर असल्यासारखं बघतोय. मास्तरीण माझ्या मागे? मलाच पटलेलं नाही."

"गुरुवारी पळायला नव्हतात."

"गुरुवारी कधीच नसतो. पाव कोण वाटणार?"

"मास्तरणीच्या घरी किती वाजता?"

"सहा दहाला. दूधवाल्याच्या नंतर, पेपरवाल्याच्या आधी. घड्याळ लावून घ्या."

"आत गेलात?"

"उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आतून भाऊजींचं गाणं येत होतं. त्यानंतर आत जायची हिंमत कोणाची?"

"पाव कोणी घेतला?"

"ताईंनी."

"झोपेतून उठून आल्या?"

बेकरीवाल्याने विचार केला. "नाही. केस विंचरलेले होते. चष्मा कपाळावर चढवलेला. मी गमतीने म्हटलं सुद्धा, ताई, पाव मोजायला चष्मा लागतो का? हसल्या नाहीत."

"नेहमी चष्मा लावतात?"

"बारीक अक्षर वाचताना. एरवी त्यांना माझ्या पावावरची मुंगी दारातून दिसते." तो उठला. "ऐका. मास्तरणीची जागा असेल तर मला ती नको. पण नसेल तर उगाच सोडणारही नाही. मीसुद्धा पहाटे दोनला उठून, भट्टी लावून, मग पळालोय."

"रास्त आहे," शेपूट म्हणाली.

बाहेर येऊन ती बेकरीच्या पायरीवर बसली आणि फोनवर स्वतःचं शीट उघडलं. पुलाची रेस. वेळ: एक तास एकतीस. पाणी: ताई, आठवा किलोमीटर, दोन कप.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग मास्तरणीला फोन केला.

"पाच वाजता सगळे घरी असू देत. भाऊजी आणि ताई, दोघंही."

*

पाच वाजता टेबलाभोवती चौघं बसली. मध्ये लॅपटॉप. कोणी चहा केला नव्हता.

"हे अकरा आकडे," शेपूट म्हणाली, "जागा मिळू नये एवढ्याचसाठी झाकलेले नाहीत. त्याला दोनच पुरले असते. ज्याने केलं त्याने मास्तरणीच्या आयुष्यातून डॉक्टर वजा करून पाहिले. त्यांच्याबरोबरची प्रत्येक रेस काढून टाकली, मग ती डोंगराची असो की पाच किलोमीटरची. हे जळणाऱ्याचं गणित आहे."

नवऱ्याने हात वर केला. "मग मीच. माझ्यावर सरळ बसतं."

"बसतं. म्हणून मी आधी तुमच्याकडेच आले. पण भाऊजी, तुमच्या मते डॉक्टर किती वेळा?"

"दहा."

"झाकलेल्या ओळी अकरा. अकरावी पुलाची. तिच्यापुढे 'एकटी' लिहिलंय, आणि त्या शब्दावर तुमचा विश्वास आहे. तुम्ही झाकल्या असत्यात तर दहा झाकल्या असत्यात. पुलाची ओळ हीच तर तुमची मलमपट्टी होती. आणि नुसत्या दहा झाकल्या असत्या तर गंमत बघा." तिने प्रतीमध्ये पुलाच्या ओळीतलं चिन्ह पुसलं. सारांशातली सरासरी बदलली: पन्नास मिनिटं एकोणसाठ सेकंद. "बेकरीवाल्याच्या पुढे. तरीही जागा मिळाली असती. घात केला तो अकराव्या ओळीने."

नवरा मास्तरणीकडे वळला. "म्हणजे पुलाच्या रेसला तू..."

"डॉक्टर होते," मास्तरीण टेबलाकडे बघत म्हणाली. "सुरुवातीलाच भेटले. बरोबर पळालो. ताईंनी एकटीने पळ म्हटलं होतं. त्यांच्या वाटचं पळ म्हटलं होतं. घरी येऊन डॉक्टर लिहायला हात होईना."

"मला माहीत होतं, कारण मी शेवटी असते आणि परत येणारे मला समोरून दिसतात," शेपूट म्हणाली. "प्रश्न एवढाच: शीट काहीही म्हणो, पण त्या दिवशी डॉक्टर सोबत होते हे माझ्याशिवाय कोणाला माहीत होतं? डॉक्टरांना स्वतःला, पण गुरुवारी सहा पंचवीसला ते माझ्या पुढे तलावाच्या रस्त्यावर होते. बेकरीवाल्याचा फायदा झाला, पण तो उंबऱ्यापलीकडे आला नाही, आणि त्याला फक्त जागा हवी असती तर नऊ जादा ओळी कशाला? राहिलं कोण?"

ती ताईंकडे वळली.

"ताई, तुम्ही म्हणालात, पुलाच्या रेसला घरी होते. मी पोचले तेव्हा आठव्या किलोमीटरचं टेबल आवरून पोरं निघून गेली होती. तुम्ही एकट्याच उभ्या होतात. उरलेल्या कॅनमधून मला दोन कप पाणी दिलंत. तुमच्या लक्षात नसेल. मी लिहून ठेवते."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अगदी टेबलाच्या कडेला समांतर.

"गुरुवारी तुम्ही झोपला नव्हतात. सहा दहाला पाव घेतलात तेव्हा चष्मा कपाळावर होता. आणि आकड्यापुढे ते चिन्ह टाकून मशीनला गप्प बसवायचं, मग आकडे पुन्हा उजवीकडे ओढून रांग सरळ करायची, हे तुमचं रोजचं काम. शीटमध्ये मुरलेला माणूस असं करत नाही. भाऊजींनी त्या ओळी फिल्टर लावून बाजूला केल्या असत्या, मागमूस राहिला नसता. वेळापत्रक जुळवणाऱ्याचा हात मात्र आपोआप असाच चालतो."

"लपवायला नव्हत्या ओढल्या," ताई म्हणाल्या. आवाज शांत होता. "वाकड्या दिसत होत्या म्हणून."

"ताई, तू?" नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. तुला तुझं घोरणं पुरे." मग त्या मास्तरणीकडे वळल्या. "तुला ओरडून हाक मारणार होते, आठव्या किलोमीटरला. रिक्षा करून आले होते, गुडघ्याला पट्टा बांधून. तुम्ही दोघं आलात. पावलं एकदम पडत होती. तू हसत होतीस. माझ्याबरोबर पळताना तू कधी हसली नाहीस."

"मी दमलेली असायचे, ताई."

"ते मी गुरुवारी बघितलं. डॉक्टर काढून टाकले. म्हटलं, बघू, त्यांच्याशिवाय किती पळते. वाटलं होतं तेवढीच निघेल; मेहनत तिची, त्यांचं काय त्यात? पण सरासरी धाडकन वाढली. मग आपल्या वर्षांची सरासरी काढली. ताई, ताई, ताई. ती सगळ्यांत हळू." त्या थांबल्या. "दर रेसला तुझी वेळ आणि माझी वेळ एकच, सेकंदासकट. तू माझ्यासाठी पाय ओढत होतीस. इतकी वर्षं. आणि मी लोकांना सांगायचे, हिला मी घडवलं."



"बंद करताना मशीनने विचारलं, सेव्ह करू का?" ताई म्हणाल्या. "मी हो म्हटलं. चुकून नाही. आणि शुक्रवारी तू फोटो पाठवलास तेव्हा मी दाराशी उभी होते. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. पण तुम्ही दोघं जाणार, तिकडे, समुद्रापलीकडे, आणि मी इथे तुमचा दोघांचा फोटो बघणार. नाही बोलले."

घड्याळात साडेपाच झाले होते. यादी जायला साडेअठरा तास होते.

"मला नको ती जागा," मास्तरीण म्हणाली. "शेपटे, लिही, कारण सापडलं नाही."

"खोटं मी लिहीत नाही," शेपूट म्हणाली. "काहीच लिहायचं नसेल तर तेही चालेल. मग बेकरीवाला जाईल. तोही मेहनतीचाच आहे."

"ताईंचं नाव सगळ्या क्लबपुढे वाचायचं? त्यांनीच उभा केलेला क्लब. पहिला टी-शर्ट त्यांच्या छापखान्यात छापलाय."

"म्हणूनच मी लिहिणार," ताई म्हणाल्या आणि उठल्या. "उपकार करू नकोस माझ्यावर. एवढं एक तरी मला तुझ्याआधी करू दे."

*

सोमवारी सकाळी नऊ वाजता सेक्रेटरींच्या हातात एक कागद पडला. वर तारीख, खाली तीन ओळी, प्रत्येक ओळ समासापासून सारख्याच अंतरावर. काय केलं, कधी केलं, कोणी केलं. कारण लिहिलेलं नव्हतं आणि सेक्रेटरींनी विचारलंही नाही. अकराला त्यांनी बेकरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मला काल रात्रभर झोप नव्हती, बरं झालं." मग भट्टीचं निमित्त सांगून फोन ठेवला. बाराला यादी गेली. दुसऱ्या ओळीत मास्तरीण होती, सरासरी पन्नास मिनिटं बावीस सेकंद.

शेपूट संध्याकाळी मूळ फाइल दुरुस्त करायला बसली तेव्हा ताई आपण होऊन खुर्ची ओढून शेजारी आल्या. चष्मा लावला. त्या एकेक ओळ वाचत गेल्या, मास्तरीण चिन्ह पुसत गेली, शेपूट ताळा घेत गेली.

"हाफ मॅरेथॉन, एक त्रेपन्न दहा. सोबत, डॉक्टर."

"झालं."

"डोंगर, दोन सदतीस. सोबत, डॉक्टर."

"झालं."

दर वेळी 'डॉक्टर' म्हणायच्या आधी त्या किंचित थांबत, गतिरोधक आल्यासारख्या. दहा वेळा थांबल्या.

अकरावी ओळ आली. मास्तरणीने चिन्ह पुसलं. मग 'सोबत'च्या चौकटीत जाऊन 'एकटी' पुसलं आणि 'डॉक्टर' टाइप केलं. बाल्कनीच्या दारातून नवऱ्याने ते पाहिलं आणि झारी घेऊन पुन्हा बाहेर गेला.

"त्या दिवशी मीही होते," ताई म्हणाल्या. "आठव्या किलोमीटरला."

मास्तरीण स्क्रीनकडे बघत राहिली. "त्याला आपल्याकडे रकाना नाही, ताई."

ताईंनी चष्मा काढला आणि त्याची घडी घातली.

"शेपटीकडे आहे," त्या म्हणाल्या.